छावणीतलं चर्च : त्या व्हायरल मेसेजमधली एकेक गोष्ट तपासून पाहू

संभाजीनगर (औरंगाबाद), जालना आणि हिंगोलीच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरत असतो. त्याचा सारांश असा : औरंगाबादच्या छावणीतलं चर्च लष्कराच्या हद्दीत आहे, सामान्य माणसाला तिथे मज्जाव आहे. ते गोऱ्यांनी गोऱ्यांसाठी बांधलं, आपला त्याच्याशी संबंध नाही. आवारातली थडगी आसईच्या लढाईतल्या इंग्रजांची आहेत. चर्चखालून दौलताबादला भुयार जातं. भिंती पडायला आल्यात, तेव्हा एकदाचं सिमेंट मारून टाकावं. यातली शेवटची सूचना सगळ्यात घातक आहे, म्हणून तिच्याबद्दल सविस्तर लिहितो.

आधी मज्जावाचं. छावणी म्हणजे सगळी बराक नव्हे. कॅन्टोन्मेंट बोर्डाच्या हद्दीत नागरी वस्ती असते, दुकानं असतात, आठवडी बाजार भरतो. तिथे जाताना कुणी विचारत नाही. लष्कराच्या ताब्यातल्या इमारती आणि काही फाटकं मात्र बंद असतात. चर्च चालू असेल, म्हणजे तिथे उपासना होत असेल, तर पाळकांना, म्हणजे तिथल्या धर्मगुरूंना, आधी विचारून जाता येतं. रविवारची सकाळ, नाताळ आणि शुभ शुक्रवार (गुड फ्रायडे) हे दिवस बघ्यांनी टाळावेत. सोबत ओळखपत्र ठेवा. वाटेतल्या बराकी, फाटकं, पहारा यांचे फोटो काढू नका, ड्रोन तर बॅगेतूनही बाहेर काढू नका. बहुतेक लोकांना अडवलं जातं ते या फोटोंमुळे, चर्चमुळे नाही.

आता ‘आपला संबंध नाही’ हे वाक्य. आम्हाला सगळ्यात जास्त खुपतं ते हेच. औरंगाबाद, हिंगोली, मोमिनाबाद म्हणजे आजचं अंबाजोगाई, ही सगळी हैदराबाद कंटिंजंटची ठाणी. ही फौज निजामाच्या नावावर होती, अधिकारी इंग्रज होते आणि शिपाई देशी होते. १८५३ च्या तहाने तिच्या खर्चासाठी वऱ्हाडचा महसूल लावून दिला गेला. म्हणजे पैसा कुणब्याच्या शेतसाऱ्यातून आला. जून १८५७ मध्ये याच फौजेच्या घोडदळाने औरंगाबादच्या छावणीत उठाव केला. त्यातल्या शिपायांना दिलेल्या देहदंडाची आठवण क्रांती चौकातल्या काळ्या चबुतऱ्याशी जोडलेली आहे. पुढे १९०३ मध्ये कंटिंजंट हिंदुस्थानी सैन्यात विलीन झाली. तिच्या पायदळ पलटणींची १९२२ मध्ये १९ वी हैदराबाद रेजिमेंट झाली आणि १९४५ मध्ये तिचंच नाव कुमाऊं रेजिमेंट झालं. पहिले परमवीर चक्र विजेते मेजर सोमनाथ शर्मा ४ कुमाऊंचे, म्हणजे याच रेजिमेंटच्या चौथ्या बटालियनचे. मराठवाड्याच्या छावण्यांचा धागा थेट तिथवर जातो.

मग चर्चच्या भिंतींवरच्या स्मृतिपाट्यांवर इंग्रज अधिकाऱ्यांचीच नावं का दिसतात? कारण उघड आहे. शिपाई बहुतेक हिंदू आणि मुसलमान होते, त्यांच्या आठवणी चर्चमध्ये लावल्या जाणार नव्हत्या. पण पाटीवर पलटणीचं नाव असतं, आणि त्या नावावरून पलटणीचा माग काढता येतो. १९०३ आधीची पाटी असेल तर ‘हैदराबाद कंटिंजंट’ आणि तुकडीचा क्रमांक सापडतो. नंतरच्या पाटीवर ‘डेक्कन हॉर्स’ हे घोडदळाचं नाव किंवा ९४ ते ९९ मधला पायदळाचा क्रमांक असतो. मृत्यूचं कारणही वाचा. लढाईपेक्षा पटकी आणि ताप यांनी माणसं जास्त गेली. एक सावधगिरी मात्र हवी : पाटीवरचं साल हे इमारतीचं साल नव्हे. एखादं ठाणं मोडलं की तिथल्या पाट्या दुसऱ्या चर्चमध्ये नेऊन लावत.

आसईचा मुद्दा थोडक्यात संपतो. इंग्रज आणि मराठ्यांची ती लढाई २३ सप्टेंबर १८०३ ची. इंग्रज सेनापती वेलस्लीच्या बाजूचे सुमारे १,६०० लोक मेले, जखमी झाले किंवा बेपत्ता झाले. मेलेल्यांना रणांगणावरच पुरलं आणि जखमींना अजिंठ्याच्या गढीत नेलं. सप्टेंबरच्या उकाड्यात प्रेतं औरंगाबादपर्यंत वाहून आणायचा प्रश्नच नव्हता.

भुयाराची गोष्ट प्रत्येक जुन्या इमारतीला चिकटते. छावणीपासून दौलताबाद दहा-बारा किलोमीटर. एवढ्या अंतरात काळा पाषाण फोडायचा तर हवेसाठी जागोजाग उभ्या विहिरी खणाव्या लागतात, आणि त्या लपत नाहीत. फरशी पोकळ वाजते तेव्हा खाली बहुधा ओल तोडण्यासाठी सोडलेली पोकळी असते. शहरात जमिनीखालून जाणारी खरी गोष्ट मलिक अंबरच्या नहरींची आहे. पाण्याची ती योजना कुठल्याही भुयारापेक्षा थोर आहे, आणि तिच्याकडे मात्र कुणाचं लक्ष नाही.

आता सिमेंट. काळा दगड स्वतः पाणी फारसं पीत नाही, म्हणून भिंतीतली ओल दगडांमधल्या चुन्याच्या सांध्यातून बाहेर पडते. सांधे सिमेंटने बुजवले की ती वाट बंद होते. ओल आतल्या बाजूला वळते, गिलाव्याला लोणा फुटतो, म्हणजे क्षार वर येतात, आणि पोपडे पडतात. भिंतीत घुसलेली सागवानी तुळयांची टोकं कुजायला लागतात, आणि हे वर्षानुवर्षं बाहेरून दिसत नाही. बाहेरून भिंत ठणठणीत आणि आतून छत खचलेलं, असं होतं ते यामुळे. ऑइलपेंटही हेच करतो.

दुरुस्ती चुन्यानेच करावी. सैल सांधा छिन्नीने साधारण इंचभर खोल कोरून काढायचा. ग्राइंडर लावू नये, दगडाची कड कापली जाते. चुनकळी (भाजलेल्या चुनखडीचे खडे) विरवून निदान तीन आठवडे पाण्याखाली मुरू द्यायची. एक भाग चुना आणि तीन भाग चाळलेली, धुतलेली वाळू हे सर्वसाधारण प्रमाण. वाळूचा काही भाग काढून सुरखी (भाजक्या विटांची पूड) घातली तर ओलसर जागी चांगली पकड येते. भरण्याआधी सांधा भिजवायचा, भरल्यावर ओलं गोणपाट लावून आठवडाभर तरी दमट ठेवायचा. मराठवाड्यात मे महिन्यात हे काम काढू नका. चुना धरायच्या आत वाळतो आणि बोटाने भुगा होतो. भर पावसातही नको. दिवाळीनंतरचे थंडीचे महिने योग्य.

पाट्या बघायला जाणाऱ्यांनीही हात आवरावा. अक्षरं उठून दिसावीत म्हणून खडू किंवा पीठ चोळू नका, ते दगडाच्या भेगांत बसतं. मोबाइलचा टॉर्च पाटीच्या बाजूने, भिंतीला जवळजवळ टेकवून लावा. तिरप्या उजेडात झिजलेली अक्षरंही वाचता येतात. पितळी पाटी चिंचेने किंवा पावडरने घासली की अक्षरांत भरलेला काळा-तांबडा रंग निघून जातो, आणि पुढच्या काही घासण्यांत मजकूरच जातो. वाचलेला मजकूर ओळींच्या मूळ तोडीसह, चुका न सुधारता उतरवा. सोबत पाटी कोणत्या भिंतीवर आहे ते लिहा आणि एक प्रत पाळकांकडे द्या.