"रोज दोनच खा" म्हणे!

एक मेसेज सध्या जोरात फिरतोय, तुम्हालाही आला असेलच. त्यात म्हटलंय की ट्रिगर फूड (म्हणजे एकदा सुरू केलं की हात थांबत नाही असा पदार्थ) वगैरे काही नसतं, वजन कमी करताना आवडीचं काहीच बंद करू नका, बंद केलं की क्रेव्हिंग (खायची ओढ) वाढतं, म्हणून रोज थोडं थोडं खा, आणि थोड्यावर थांबता येत नसेल तर विलपॉवर वाढवा, 21 दिवसांत सवय लागते. वाचायला गोड आहे, म्हणूनच फिरतोय.

"ट्रिगर फूड नसतंच, सगळं कॅलरीचं गणित." गणित आहेच हो, पण ते बिघडतं कुठे ते बघा ना. 2019 मध्ये केव्हिन हॉल या संशोधकाच्या टीमने अमेरिकेत 20 जणांना चार आठवडे संशोधन केंद्रातच ठेवून घेतलं, दोन आठवडे अल्ट्रा-प्रोसेस्ड (कारखान्यात बनलेलं, पाकीटबंद छापाचं) खाणं आणि दोन आठवडे साधं, समोर ठेवलेल्या कॅलरी दोन्हीकडे सारख्या, हवं तेवढं खा. अल्ट्रा-प्रोसेस्डच्या वेळी लोकांनी दिवसाला साधारण 500 कॅलरी जास्त खाल्ल्या. मग सगळे पदार्थ सारखेच कसे? त्यात परत प्रत्येकाचं वेगळं. माझं चॉकलेट फ्रिजमध्ये महिनाभर पडून राहतं, आठवतही नाही, पण चिप्सचं पाकीट फोडलं की तळाचा चुरा संपेपर्यंत हात थांबत नाही.

"बंद केलं की क्रेव्हिंग वाढतं" हे अर्धं खरं आहे म्हणून जास्त फसवं. सुरुवातीचे काही दिवस ओढ वाटते, मान्य. पण पाउंड्स लॉस्ट नावाच्या, वजन कमी करण्यावरच्या दोन वर्षं चाललेल्या अभ्यासात ज्यांनी आवडीचे पदार्थ खाण्याच्या वेळा कमी केल्या त्यांचं क्रेव्हिंग कमी झालं, आणि नुसतं प्रमाण कमी करून तसा फरक दिसला नाही. म्हणजे "रोज थोडं"च्या बरोब्बर उलट!

खरा धोका वेगळाच आहे. 1975 च्या एका प्रयोगात डाएटवाल्यांना आधी मिल्कशेक पाजला, तर त्यांनी नंतर आइस्क्रीम कमी नाही, उलट जास्त खाल्लं. "आता मोडलंच ना, मग होऊ दे", हे आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं आहे. त्यामुळे एखाद दिवशी खाल्लं गेलं तर पुढचं जेवण नेहमीसारखं जेवायचं, उपाशी राहून भरपाई करायची नाही. (ज्यांना बिंज इटिंगचा, म्हणजे ताबा सुटून भरमसाट खाण्याचा, किंवा खाऊन उलटी काढण्याचा त्रास आहे त्यांनी मात्र बंदीच्या याद्या स्वतः करू नयेत, आधी डॉक्टर.)

आता विलपॉवर. असे पदार्थ घरातच न ठेवणं हा पळपुटेपणा म्हणे. अहो, दुकानात एकदा नाही म्हणायचं की रात्री कपाटासमोर दहा वेळा, यात सोपं काय ते तुम्हीच ठरवा. घरातल्या बाकीच्यांना हवं असेल तर न दिसणाऱ्या डब्यात, वरच्या फळीवर. मी चिप्स बाहेर असताना खातो, छोटं पाकीट, पोट रिकामं नसताना.

आणि 21 दिवस? 2010 च्या लंडनमधल्या अभ्यासात सवय अंगवळणी पडायला साधारण 66 दिवस लागले, कुणाला 18 तर कुणाला 254 दिवस लागतील असा हिशोब निघाला.

मेसेज पुढे ढकलण्यापेक्षा दोन आठवडे एवढंच लिहून ठेवा, कुठल्या पदार्थाला हात थांबला नाही, किती वाजले होते आणि भूक होती का. मी लिहिलं तेव्हा कळलं की माझे चिप्स बहुतेक वेळा रात्री अकरानंतरचे असतात, आणि त्या दिवशी मी दुपारी नीट जेवलेलो नसतो.