साखळी हॉटेलच्या नावावर विश्वास ठेवायचा तो कशाच्या आधारावर?

मध्यम दराच्या साखळी हॉटेलात कोणी थाटमाट शोधायला जात नाही. स्वच्छ अंथरूण, नीट बंद होणारे दार, गरम पाणी आणि सलग झोप एवढीच माणसाची अपेक्षा असते. अनोळखी महानगरात या गोष्टी नक्की मिळतील अशी शाश्वती हवी, म्हणून तो शेजारचे स्वस्त लॉज सोडून चार पैसे जास्त मोजतो आणि ओळखीच्या नावाची पाटी निवडतो. ते जास्तीचे पैसे खरे तर या शाश्वतीचेच असतात. ती पाळण्याची जबाबदारी नेमकी कोणाची, हे मात्र त्या पाटीखाली काम करणाऱ्या कोणालाही सांगता येत नाही, असा अनुभव मला नुकताच आला. हॉटेलचे आणि शहराचे नाव मी मुद्दामच लिहीत नाही, कारण हा दोष एका इमारतीपुरता आहे असे मला वाटत नाही.

बाबांना तपासण्यांसाठी एका मोठ्या रुग्णालयात न्यायचे होते. तपासण्या सकाळी लवकर आणि उपाशीपोटी व्हायच्या होत्या, त्यामुळे आदल्या रात्री जवळच मुक्काम करून त्यांना नीट झोप मिळावी एवढाच आमचा हेतू होता. बुकिंग करतानाच मी तीन गोष्टी लिहून कळवल्या होत्या: दोन स्वतंत्र पलंग असावेत, खोली लिफ्टपासून दूर असावी आणि बाथरूममध्ये हाताने धरता येईल अशी दांडी असावी. ‘आपल्या विनंतीची नोंद घेतली आहे’ असे उत्तरही आले होते. प्रत्यक्षात आम्हाला मिळालेली खोली लिफ्टला अगदी खेटून होती, तिच्यात एकच मोठा पलंग होता आणि दांडीचा तर पत्ताच नव्हता. रिसेप्शनवरचा तरुण अतिशय नम्रपणे म्हणाला, “मॅडम, तुमचं बुकिंग बाहेरच्या साइटवरून झालंय. आम्हाला इथे फक्त रूमची कॅटेगरी दिसते, रिक्वेस्ट दिसत नाही.” मी फोनवरचा मेल त्याच्यासमोर धरला. त्याने तो वाचला, खरोखर ओशाळला आणि म्हणाला, “आज हॉटेल फुल आहे.”

हॉटेल भरलेले असणे हा कोणाचा गुन्हा नाही. आयत्या वेळी काही जण बुकिंग रद्द करतात, काही येतच नाहीत, त्यामुळे असलेल्या खोल्यांपेक्षा थोडी जास्त बुकिंग घेण्याची पद्धत या व्यवसायात जुनी आहे आणि तिच्यामागचा हिशेब मला समजतो. मला न पटणारी गोष्ट वेगळीच आहे. ग्राहकाची गरज नोंदवून घ्यायला जागा द्यायची, ती नोंदवली असे लेखी कळवायचे, आणि ती नोंद ज्याच्या हातात खोलीची किल्ली आहे त्या माणसापर्यंत पोहोचेल याची व्यवस्थाच करायची नाही, ही सरळसरळ फसगत आहे. हवी तशी खोली मिळणार नाही हे आधी कळले असते तर मी दुसरीकडे सोय पाहिली असती. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला घेऊन रात्री परक्या शहरात दुसरे हॉटेल शोधत कोण फिरणार आहे?

खोलीच्या एका भिंतीत शेजारच्या खोलीत उघडणारे दार होते. कुटुंबांना दोन खोल्या जोडून देता याव्यात म्हणून अशी दारे ठेवतात. नीट बसवलेली असतील तर तिथे एकामागे एक अशी दोन दारे असतात आणि दोन्हींच्या कडेने रबराची पट्टी असते. आमच्या बाजूच्या दाराखालची पट्टी एका टोकाला सुटून आत वळली होती. दिवे मालवल्यावर त्या फटीतून शेजारच्या खोलीतला उजेड आमच्या गालिच्यावर बोटभर रुंदीच्या रेघेसारखा पडत होता. जिथून उजेड येतो तिथून आवाजही येतो. शेजारच्या गृहस्थांच्या फोनवरच्या वाटाघाटी आम्हाला शब्दन् शब्द ऐकू येत होत्या, आणि त्यांना आमचे बोलणेही तसेच ऐकू जात असणार. बाबांनी रुग्णालयाचे कागद माझ्याकडून एकदा वाचून घेतले ते अगदी कुजबुजत्या आवाजात, कारण स्वतःच्या आजारपणाची चर्चा परक्याच्या कानावर जावी असे कोणालाही वाटत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये म्हटले आहे की, झोपेत व्यत्यय येऊ नये यासाठी शयनगृहातला सततचा आवाज ३० डेसिबलच्या आसपास आणि मध्येच होणारा एखादा मोठा आवाज ४५ डेसिबलच्या आत असावा. साधे संभाषण साठ डेसिबलच्या आसपास असते. म्हणजे भिंत कितीही जाड बांधली तरी दाराखालची सुटलेली पट्टी तिच्यावरचा सगळा खर्च वाया घालवते. ती पट्टी बदलायला फार तर अर्धा तास लागला असता. ती रोज खोली झाडणाऱ्याच्या नजरेसमोर होती. पण बहुधा ती पाहून कोणाला सांगायचे आणि सांगितल्यावर पुढे काय होईल, हे त्याला कोणी शिकवले नसावे.

बाथरूमबद्दल मात्र मी सविस्तर लिहिणार आहे, कारण तिथे गैरसोय संपून धोका सुरू झाला. शॉवरच्या जागेला दार नव्हते, अर्धीच काच होती. हल्ली असे पुष्कळ ठिकाणी दिसते. दिसायला सुटसुटीत आणि पुसायला सोपे. जमिनीचा उतार जाळीच्या दिशेने नसून दाराच्या दिशेने होता, त्यामुळे शॉवर सुरू होताच गुळगुळीत फरशीवरून पाणी थेट उंबऱ्यापर्यंत आले. मी सगळे टॉवेल जमिनीवर अंथरले आणि बाबांची आंघोळ होईपर्यंत दाराशी हात पुढे करून उभी राहिले. आयुष्यभर कोणाची मदत न घेतलेल्या माणसाला आपल्या मुलीला असे उभे राहिलेले पाहून काय वाटले असेल, याचा विचार अजून माझ्या मनातून जात नाही. भिंतीत पक्की बसवलेली एक दांडी एवढाच तो प्रश्न होता.

गरम पाण्याचीही तीच गत होती. बराच वेळ थंड पाणी वाहू दिल्यानंतर कोमट पाणी आले आणि तेही टिकले नाही. मोठ्या इमारतीत गरम पाणी एका जागी तापवून पंपाने सतत फिरते ठेवतात, म्हणजे दूरच्या खोलीतही नळ उघडला की ते लगेच मिळते. पंप बंद असला किंवा प्रवाहाची वाटणी बिघडली की टोकाच्या खोल्यांना असे कोमट पाणी मिळते. यात केवळ सुखसोयीचा प्रश्न नाही. न्यूमोनियासारखा आजार देणारे लिजिओनेला जिवाणू कोमट, साचलेल्या पाण्यातच वाढतात आणि म्हणून पाणी ६० अंश सेल्सियसला साठवावे अशी शिफारस आहे. वयस्कर माणसांना हा आजार अधिक भोवतो. टाकीतले पाणी किती अंशांवर होते हे पाहुण्याला कळण्याचा मार्ग नसतो, म्हणूनच तो विश्वास पाटीवर टाकलेला असतो.

इथे मला एल्सवर्थ स्टॅटलर यांचे नाव घ्यावेसे वाटते. १९०८ साली त्यांनी अमेरिकेतल्या बफेलो शहरात असे हॉटेल उघडले जिथे साध्या प्रवाशालाही खोलीलगत स्वतःचे न्हाणीघर मिळत असे. त्या काळी ती चैन समजली जाई. त्यांनी ती परवडणारी केली ती नळकामाचा विचार करून: दोन खोल्यांची न्हाणीघरे पाठीला पाठ लावून बांधायची आणि दोन्हींचे पाइप मधल्या एकाच पोकळीतून न्यायचे. मध्यम दराच्या हॉटेलची कल्पनाच अशी पाण्याच्या पाइपांतून आकाराला आली आहे. आज लॉबीत मोठमोठी झुंबरे आणि सुगंध असतो, आणि फरशीचा उतार कोणी पाहत नाही.

एसीबद्दल थोडक्यात सांगते. भिंतीवरच्या पॅनेलवर आकडा बदलत होता, हवा बदलत नव्हती. मध्यरात्री तो आपोआप बंद पडला आणि मी उठून खोलीत फिरले की पुन्हा सुरू झाला. वीज वाचवण्यासाठी काही हॉटेलांत हालचाल ओळखणारे सेन्सर बसवतात. गाढ झोपलेला माणूस हलत नाही, म्हणून खोली रिकामी आहे असे त्या यंत्राला वाटते. वीज वाचवण्याला माझा मुळीच विरोध नाही, पण झोपण्यासाठी दिलेल्या खोलीत झोपलेला माणूस गृहीत धरलेला नसावा हे मला समजत नाही.

रात्री मी खाली फोन केला. ड्यूटी मॅनेजर नव्हते. रिसेप्शनवरच्या मुलीने देखभाल विभागातला कर्मचारी वर पाठवला. त्याने दाराखाली चादर गुंडाळून लावली आणि क्षमा मागितली. मी साखळीच्या ग्राहक सेवा क्रमांकावर फोन केला तेव्हा तिथून सांगण्यात आले, “हे हॉटेल फ्रँचायझीचं आहे, तुम्ही हॉटेलशीच बोलून घ्या.” सकाळी भेटलेल्या मॅनेजरांनी सांगितले की पलंगांची मांडणी, शॉवरची रचना, बुकिंगची यंत्रणा हे सारे कंपनीच्या मुख्यालयातून ठरते. मला वाटते दोघेही खरे बोलत होते, आणि मला सर्वांत जास्त राग आला तो याच गोष्टीचा.

कारण ही रचना अपघाताने झालेली नाही. केमन्स विल्सन हे बांधकाम व्यावसायिक १९५१ साली बायकामुलांसह वॉशिंग्टनला गेले असता, वाटेतल्या मोटेलांची अवस्था आणि प्रत्येक मुलामागे आकारले जाणारे जादा पैसे पाहून संतापले. पुढच्याच वर्षी त्यांनी मेम्फिसमध्ये पहिले हॉलिडे इन उघडले. प्रवाशाला कुठेही गेले तरी तीच खोली आणि तीच सोय मिळावी, हे त्यामागचे सूत्र होते. हा विस्तार फ्रँचायझीच्या मार्गाने वेगाने झाला: इमारत आणि भांडवल स्थानिक मालकाचे, नाव आणि नियम कंपनीचे. पुढे हा व्यवहार आणखी विलग झाला. मॅरियटने १९९३ मध्ये आपल्या कंपनीचे दोन भाग केले. हॉटेले चालवण्याचा व्यवसाय एकीकडे आणि इमारतींची मालकी बव्हंशी दुसरीकडे. (माझ्या तक्रारीशी या दोन्ही नावांचा काही संबंध नाही.) आज एकाच हॉटेलात जमीन एकाची, चालवणारी कंपनी दुसरी, पाटी तिसऱ्याची आणि बुकिंग चौथ्याच्या संकेतस्थळावरून, असे सहज असू शकते. पैसे मात्र मी एकदाच आणि एकाच नावाकडे पाहून भरलेले असतात.

धंद्याच्या दृष्टीने या वाटणीत गैर काही नसेल, पण मग तिचा भार पाहुण्यावर का पडावा? पाटी भाड्याने देणारी कंपनी दरमहा उत्पन्नातला वाटा घेते तो त्या नावावर असलेल्या लोकांच्या भरवशाबद्दलच. भरवसा मोडला की तोच वाटा घेणारी कंपनी ‘हॉटेलशी बोला’ असे कशी म्हणू शकते? साखळ्यांकडून अशा हॉटेलांची तपासणी होते हे मला माहीत आहे. पण पाटीचा रंग, उशांची संख्या आणि गणवेश यांइतक्याच काटेकोरपणे कोणी रात्री दिवे मालवून दाराखालून उजेड येतो का ते पाहावे, शॉवर दहा मिनिटे चालू ठेवून पाणी कुठे जाते ते पाहावे, असे मला फार मनापासून वाटते. तपासणाऱ्याने तिथे एक रात्र खरोखर झोपून पाहावे.

त्या मुक्कामात भेटलेल्या एकाही कर्मचाऱ्याबद्दल माझी तक्रार नाही. रिसेप्शनवरच्या त्या तरुणाला दिवसभर अशा किती जणांची बोलणी खावी लागत असतील! त्याच्या हातात खोली बदलण्याचा, दर कमी करण्याचा किंवा जवळच्या दुसऱ्या हॉटेलात सोय करून देण्याचा अधिकारच नव्हता. रिट्झ-कार्लटन ही महागडी साखळी आपल्या प्रत्येक कर्मचाऱ्याला पाहुण्याची अडचण सोडवण्यासाठी कोणालाही न विचारता २००० डॉलरपर्यंत खर्च करण्याची मुभा देते, हे त्या व्यवसायात सर्वांना ठाऊक आहे. मध्यम दराच्या हॉटेलकडून मी त्या रकमेची अपेक्षा करणार नाही. पण समोरच्या माणसाची अडचण खरी आहे हे दिसत असताना एका रात्रीचे पैसे परत करण्याइतका अधिकार तरी त्या मुलाला असावा. अधिकार न देता केवळ क्षमा मागायला माणसे उभी करणे हे पाहुण्यापेक्षाही त्या माणसांवर अन्याय करणारे आहे.

परतल्यावर मी कंपनीला लेखी कळवले. उत्तर तत्परतेने आले. त्यात माझे नाव बरोबर होते, ‘आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे’ हे वाक्य होते, आणि पुढच्या मुक्कामासाठी काही गुण खात्यात जमा केल्याचे कळवले होते. दाराची पट्टी, फरशीचा उतार, दांडी यांचा उल्लेखही नव्हता. मी पुन्हा लिहिले आहे की मला ते गुण नकोत. बुकिंगच्या वेळी घेतलेल्या नोंदी हॉटेलपर्यंत का पोहोचत नाहीत, वयस्कर पाहुण्यांसाठी दांडी असलेल्या किती खोल्या त्या इमारतीत आहेत, आणि ती खोली दुरुस्त होईपर्यंत दुसऱ्या कोणा वृद्ध माणसाला दिली जाणार नाही ना, एवढ्या तीन प्रश्नांची उत्तरे मागितली आहेत. पत्राची एक प्रत कंपनीच्या मुख्यालयाला आणि एक त्या इमारतीच्या मालकांना पाठवली आहे. मालकांचे नाव पाटीवर कुठेच नव्हते. ते मला बिलाच्या तळाशी बारीक अक्षरांत सापडले.