मशीन माझं, बर्फ सगळ्यांचा
बर्फ पडला रे पडला की दारावर शेजाऱ्याची टकटक. "जरा ते बर्फ उडवायचं मशीन, तो स्नोब्लोअर, देता का? दहा मिनिटांत आणून देतो." दहा मिनिटं! मागच्या वेळी चार दिवसांनी परत आला. टाकी कोरडी ठाक, शिअर पिन (मशीन अडकलं की आधी स्वतः तुटणारी खीळ) तुटलेली. बर्फाखालचं वर्तमानपत्र मशीनला गुंडाळीसकट गिळायला लावलं होतं म्हणे. अहो, ती पिन तुटली म्हणून गिअरबॉक्स वाचला! वर मलाच ऐकवतात, "तुमचं मशीन जरा नाजूकच आहे हो."

नाही दिलं तर? "मग तुम्हीच या ना!" गेलो. (चूक माझीच.) ओला, शिशासारखा जड बर्फ मी फावड्याने उपसतोय आणि साहेब खिडकीतून कॉफीचा कप हलवत, "तो कोपरा राहिला!" तिकडे रस्त्यावरचा बर्फ ढकलणाऱ्या प्लाऊने माझ्या दारात लोटलेला ढीग तसाच. तो कोण उपसणार, माझे पूर्वज?