जीबी मोजून एफपीएस येत नाही भिया

आपल्या इंदुरातल्या मराठी ग्रुपांवर सध्या एक मेसेज जोरात फिरतोय. रामबागेतल्या काकांपासून सुदामा नगरच्या पोरांपर्यंत सगळ्यांनी तो पुढे ढकललाय, मला तर एकाच दिवशी तिघांकडून आला. ज्यांच्यापर्यंत पोचला नसेल त्यांच्यासाठी त्याचा सार असा: गेमिंग पीसी घेताना दोनच गोष्टी बघा, ग्राफिक्स कार्डाचे जीबी आणि प्रोसेसरचे कोर (आतले काम करणारे भाग). बाकी मेमरीची बस (डेटाचा रस्ता), कॅश (चिपच्या आतली छोटी वेगवान मेमरी), बँडविड्थ (सेकंदाला किती डेटा जातो) ही सगळी कंपन्यांची नाटकं. जुना झिऑन (इंटेलचा सर्व्हरचा प्रोसेसर) घ्या, 14 कोर मिळतात, इंटेलच्याच नवीन स्वस्त आय3 ला धुऊन काढतो. आणि व्हीरॅम (कार्डाची मेमरी, तेच ते जीबी) कमी पडली तर विंडोजच्या रजिस्ट्रीत (आतल्या सेटिंगच्या यादीत) आकडा बदला, फुकटात वाढते. शेवटी अर्थातच "पोरांच्या भल्यासाठी शेअर करा".

पोरांच्या भल्यासाठीच लिहितोय मग.

"जास्त जीबी म्हणजे जास्त एफपीएस (सेकंदाला दिसणारी चित्रं)." हे सगळ्यात महाग पडणारं वाक्य आहे, कारण याच्यावरच भंगार कार्डं विकली जातात. जीटी 730 नावाचं कार्ड 2014 चं, त्याचा 4 जीबीवाला डबा अजून काउंटरवर दिसतो, वर मोठ्ठ्या अक्षरात 4 जीबी. आत काय असतं बघा: साधी डीडीआर3 मेमरी, 64 बिटची बस, म्हणजे सेकंदाला 14.4 जीबी डेटा इकडून तिकडे. त्याच 730 चं जीडीडीआर5 (ग्राफिक्ससाठीची वेगवान मेमरी) वालं मॉडेल सेकंदाला 40 जीबी ओढतं, आणि ते कमी जीबीचं असलं तरी गेममध्ये पुढे जातं. टेबलं वाढवली म्हणून पोहे लवकर होत नाहीत हो, कढई तेवढीच आहे ना.

याहून स्वच्छ उदाहरण पाहिजे तर जीटी 1030 घ्या. 2017 ला आलं तेव्हा 2 जीबी जीडीडीआर5, बँडविड्थ सेकंदाला 48 जीबी. पुढच्या वर्षी त्याच नावानं दुसरं आलं, तेही 2 जीबीच, पण डीडीआर4, बँडविड्थ 16.8. नाव तेच, जीबी तेवढेच, आणि कितीतरी गेम्समध्ये एफपीएस जवळजवळ अर्धे. मेसेजवाल्यांच्या हिशोबानं ही दोन्ही कार्डं सारखी.

आता यावर कोणीतरी म्हणणारच की ही जुनी बारकी कार्डं झाली, मोठ्यांचं बोला. बोलू. आरटीएक्स 3060 मध्ये 12 जीबी आणि 3060 टीआय मध्ये 8 जीबी, तरी बहुतेक गेम्समध्ये टीआय स्पष्ट पुढे, कारण टीआयमध्ये 4864 कोर आणि 448 ची बँडविड्थ, साध्या 3060 ला 3584 आणि 360. मग स्वस्त कार्डाला जास्त जीबी का दिले? दानधर्म नाही तो. प्रत्येक मेमरी चिप 32 बिटची लाइन खाते. 3060 ची बस 192 बिट, म्हणजे सहा चिपा, आणि तेव्हा चिपा मिळत होत्या 1 किंवा 2 जीबीच्या, त्यामुळे एकतर 6 जीबी द्या नाहीतर 12. सहा फारच कमी दिसले असते म्हणून बारा. टीआयची बस 256, म्हणून आठ चिपा एक-एक जीबीच्या, झाले 8. डब्यावरचा आकडा या गणितातून येतो, कार्डाच्या लायकीवरून नाही.

इथेच "बस म्हणजे नाटक" याचंही उत्तर मिळतं. नंतर 3060 चं 8 जीबीवालं मॉडेल आलं, कोर तेवढेच 3584, पण बस 192 वरून 128 वर आणली आणि बँडविड्थ 360 वरून 240 वर आली. जे गेम 8 जीबीत आरामात बसतात त्यातही ते मागे पडतं. म्हणजे जीबी कमी पडले म्हणून नाही, रस्ता अरुंद झाला म्हणून.

कॅशचं प्रकरण जरा उलटं आहे, त्यामुळे नुसती बँडविड्थ बघणाराही फसतो. 4060 टीआयची बँडविड्थ फक्त 288, म्हणजे आधीच्या 3060 टीआयपेक्षा बरीच कमी, पण चिपमध्येच 32 एमबी एल2 कॅश, जुन्यात होती 4 एमबी. वारंवार लागणारा डेटा चिपच्या आतच मिळाला की बाहेरच्या मेमरीकडे जायचं कामच कमी. म्हणून 1080पी (फुल एचडी) वर नवीनवाला टिकतो, थोडा पुढेही जातो. रिझोल्यूशन वाढवलं की कॅश पुरत नाही, मग दोघांतलं अंतर कमी होत जातं, कुठे कुठे नवीनच मागे.

मेसेजमध्ये एक गोष्ट मात्र अर्धी खरी आहे आणि ती मान्य करायला पाहिजे, व्हीरॅम संपली तर खरंच वाट लागते. 4060 टीआय 8 जीबी आणि 16 जीबी दोन्ही आलं 2023 ला, चिप तीच, बँडविड्थ तीच. 8 जीबीत मावणारा गेम दोन्हीवर सारखाच पळतो, वरचे 8 जीबी नुसते बसून राहतात. पण न मावणारा गेम लावला की 8 वाल्यावर काय होतं ते डोळ्यांनी बघण्यासारखं आहे: एफपीएसच्या आकड्यात 60 दिसतात, तुम्ही कॅरेक्टर गर्रकन मागे वळवता आणि चित्र एक क्षण अडकतं, किंवा समोरच्या भिंतीवर विटांच्या जागी नुसता चिखल थापलेला दिसतो आणि मग हळूच विटा उगवतात. सरासरी एफपीएस बघून हे कळतच नाही. तो जास्तीचा डेटा पीसीआयईच्या (कार्ड बोर्डाला जोडणाऱ्या स्लॉटच्या) रस्त्यानं साध्या रॅममधून येतो आणि 4.0 चा पूर्ण 16 लेनचा रस्ता असला तरी सेकंदाला 32 जीबीच्या आसपास, कुठे 288 आणि कुठे 32. आरएक्स 6500 एक्सटीचं तर विचारूच नका, 4 जीबी मेमरी आणि लेन फक्त 4, जुन्या 3.0 च्या बोर्डावर लावलं तर सेकंदाला 4 जीबी. तिथे टेक्स्चर (भिंती-जमिनीवरची चित्रं) अल्ट्रावरून मीडियमवर आणा, बाकी सेटिंग राहू द्या, अर्धा त्रास जातो.

आता कोर. "14 कोरचा झिऑन आय3 ला धुतो." व्हिडिओ रेंडर करायचा असेल तर धुवेल कदाचित, गेममध्ये नाही. असा 14 कोरचा झिऑन म्हणजे ई5-2680 व्ही4, हा 2016 चा सर्व्हरचा माल, सगळ्यात जास्त 3.3 गीगाहर्ट्झ. गेमचा मुख्य थ्रेड (एका वेळी एकाच कोरवर चालणारं काम) एकच असतो, तोच सगळ्यांना काम वाटतो, तो हळू चालला की बाकीचे तेरा कोर पंखा फिरवायला. आय3-12100एफ चे चारच कोर, पण एकेक कोर इतका तगडा की बहुतेक गेम्समध्ये हाच पुढे. तोही सगळीकडे पुरतो असं नाही, काही नवे गेम चार कोरांना घाम फोडतात, पण म्हणून झिऑन हा त्यावर इलाज नाही.

आणि गीगाहर्ट्झवर जाणाऱ्यांसाठी एएमडीचे रायझन 5600जी (आतच ग्राफिक्स असलेला) आणि 5600. दोघांचे सहा कोर, बूस्ट (जास्तीत जास्त वेग) दोघांचा 4.4, बेस (नेहमीचा वेग) तर जी चा जास्त, 3.9 विरुद्ध 3.5. तरी वेगळं कार्ड लावलं की गेममध्ये 5600 पुढे, कारण एल3 कॅश 32 एमबी, जी ला 16. 5800एक्स3डी ची तर गोष्टच वेगळी, साध्या 5800एक्सपेक्षा घड्याळ (गीगाहर्ट्झ) कमी, 4.7 च्या जागी 4.5, पण चिपवर चिप चढवून कॅश 96 एमबी केली आणि 2022 मध्ये गेमिंगला तोच सगळ्यात वरच्यांमध्ये जाऊन बसला. रॅमकडून डेटा यायची वाट बघण्यात कोरचे शेकडो सायकल वाया जातात, ते वाचले.

रजिस्ट्रीवाली ट्रिक दोन ओळींत संपवतो. तो आकडा फक्त विंडोजला आणि गेमला खोटं सांगतो की मेमरी एवढी आहे, त्यामुळे "किमान व्हीरॅम नाही" म्हणून बंद पडणारा एखादा गेम उघडतो. मेमरी होती तेवढीच राहते.

ज्यांच्याकडे कार्डच नाही, 5600जी वर काम भागवतायत, त्यांच्यासाठी खरी फुकट नाही पण स्वस्त ट्रिक सांगतो. कॅबिनेट उघडून बघा, 8 जीबीची रॅम एकच कांडी आहे का. असेंबल करून देणारे सर्रास एकच लावतात. 3200 ची एक कांडी 25.6 जीबी देते, दोन वेगवेगळ्या चॅनलच्या स्लॉटमध्ये लावल्या की 51.2, आणि आतल्या ग्राफिक्सला तीच रॅम वापरावी लागते. कोणता स्लॉट ते बोर्डाच्या पुस्तकात असतं, चार स्लॉट असतील तर शेजारशेजारचे दोन घेऊ नका उगाच. मग बायोसमध्ये (पीसी चालू होताना उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) जाऊन एक्सएमपी (रॅम पूर्ण वेगावर चालवायची सेटिंग) चालू करा, नाहीतर 3200 ची कांडी बऱ्याचदा 2133 किंवा 2400 सारख्या कमी वेगावरच पडून राहते. कार्ड असलेल्यांनी काही विकत घ्यायच्या आधी गेमचं रिझोल्यूशन कमी करून बघा: एफपीएस चढले तर कार्ड अडतंय, तसेच राहिले तर प्रोसेसर. सेकंडहँड कार्ड घेत असाल तर विकणाऱ्यासमोरच जीपीयू-झेड (कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) चालवा, मेमरी टाइप, बस विड्थ आणि बँडविड्थ या तीन ओळी वाचा, आणि तिथे नावाआधी फेक लिहून आलं तर चहा पिऊन घरी या.