असला म्हणजे कसला?

रविवारी सकाळी पोह्यांची बशी हातात घेतली आणि मुलीने वही पुढे केली. बालकवींच्या 'औदुंबर' कवितेचं रसग्रहण करा. गुण 4.

आठच ओळींची कविता. म्हटलं, पोहे गार व्हायच्या आत उरकू. झरा, बेटं, चार घरांचं गाव, काळ्या डोहाकडे निघालेली पांढरी पायवाट, इथवर सुरळीत चाललं. मग शेवटची ओळ आली : 'पाय टाकुनी जळात बसला असला औदुंबर.'

"असला म्हणजे कसला, बाबा?"

घास घशातच अडकला. 'अशा प्रकारचा' असेल. 'बसलेला असावा' असंही असेल. आमच्या घरात 'असला' हा शब्द माझे मित्र आणि मी आणलेला भाजीपाला यांच्यासाठीच राखीव आहे.

"औदुंबर आहे ना? मग दत्तगुरूच. तपाला बसलेत," आई देवघरातून म्हणाली.

आमचे अण्णा पाटबंधारे खात्यातून निवृत्त. त्यांनी चष्मा लावून ओळ दोनदा वाचली. "मुळं पाण्यात म्हणजे काठ खचलाय. दगडांचं पिचिंग केलेलं दिसत नाही."

"घरभर कामं पडलीत आणि हा पाय सोडून बसलाय," बायको म्हणाली. "ओळखीचा वाटतो." मी मांडी घातली.

"आणि त्याआधीच्या ओळीत 'गोड काळिमा' आहे. काळिमा गोड कसा?"

"काकवी असते की!" पुन्हा देवघर.

गाइडात मृत्यूची चाहूल होती. कवीलाच विचारावं, तर ते 1918 सालीच गेले. असते तरी त्यांना सांगता आलं असतं का, शंकाच आहे. सोसायटीच्या गणपतीत मी बंद लिफ्टवर चार ओळी वाचल्या होत्या : 'कितीदा बटण दाबलं, वरून कुणी येईना.' तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी डोळे पुसत माझा हात धरला. "आमचे हे गेले तेव्हा अगदी अस्संच झालं होतं हो." लिफ्टवाल्याचे पैसे थकलेत, हे सांगायची हिंमत झाली नाही. घरी येऊन कविता पुन्हा वाचली, तर मलाही भरून आलं.

शेवटी मुलीने सगळंच लिहिलं : दत्तगुरू, खचलेला काठ, काकवी. तिच्या आईचा अर्थ तेवढा मी गाळायला लावला.

गुरुवारी वही परत आली. चारपैकी दीड. खाली लाल शाईत : 'कवीला असे म्हणायचे नाही.'

आईने वही लांब धरून शेरा वाचला.

"बाईंना कुठे भेटले गं ते?"