दा होंग पाओ : सहा झुडपे आणि बाकी सगळे ‘बनावट’?

दा होंग पाओ या चिनी ऊलाँग (हिरव्या आणि काळ्या चहाच्या मधल्या प्रकारच्या) चहाविषयीचा एक मजकूर समाजमाध्यमांतून पुन्हा पुन्हा फिरत असतो. त्याचा आशय असा : या चहाची जगात फक्त सहा झाडे आहेत आणि म्हणून तो सोन्याच्या तीसपट महाग आहे, दुकानात या नावाने मिळणारा सगळा माल बनावट असतो, पाणी ८० अंशांवर गेले की पाने जळतात, पहिले पाणी ओतून दिले की कॅफीन निघून जाते, आणि चहा जितका ताजा तितका उत्तम. यांतली पहिली दोन विधाने अर्धवट खरी आहेत. उरलेल्या तिघांपैकी दोन हिरव्या चहाची आहेत, तर कॅफीनचे विधान कोणत्याच चहाला लागू पडत नाही.

सहा झुडपांपासून सुरुवात करू. फूजियान प्रांताच्या वायव्येला वुयी पर्वत आहे. १९९९ साली युनेस्कोने त्याला जागतिक वारसास्थळ म्हणून मान्यता दिली. तिथल्या जिउलोंगख नावाच्या अरुंद दरीत, एका कड्याच्या कपारीत दगडी बांध घालून राखलेली सहा जुनी झुडपे आहेत आणि शेजारच्या खडकावर ‘दा होंग पाओ’, म्हणजे ‘मोठा लाल झगा’, ही अक्षरे कोरलेली आहेत. इथवर मजकूर बरोबर आहे. मात्र या झुडपांची पाने २००६ पासून खुडलीच जात नाहीत. २००५ च्या शेवटच्या खुडणीतला २० ग्रॅम चहा २००७ साली बीजिंगच्या राष्ट्रीय संग्रहालयाकडे सुपूर्त करण्यात आला. म्हणजे ज्या चहाचा भाव मजकुरात इतक्या थाटात सांगितला जातो, तो आज कोणत्याही भावाने विकत मिळत नाही.

तो भाव आला कुठून, हेही पाहण्यासारखे आहे. २००२ साली या झुडपांचा २० ग्रॅम चहा लिलावात १,८०,००० युआनला गेला, म्हणजे ग्रॅमला ९,००० युआन. त्या वर्षीच्या सोन्याच्या भावाशी तुलना केली तर हे प्रमाण शंभरपटीहून अधिक भरते. ‘तीसपट’ हा आकडा पुढे सोने बरेच महागल्यावर कुणीतरी जुनी बोली नव्या भावाने भागून काढलेला दिसतो. सोने चढेल तसा हा चहा स्वस्त होत जाणार, असे हे विचित्र गणित आहे. मुळात मूठभर पानांसाठी हौशी श्रीमंताने लावलेली बोली हा बाजारभाव नव्हेच.

‘बाकी सगळे बनावट’ हे विधान मला सर्वांत अन्यायाचे वाटते, कारण त्यात झाड म्हणजे काय याचीच गफलत आहे. चहाचे बी लावले तर येणारे रोप मूळ झाडासारखे निघेल याची खात्री नसते. फांदीची छाट लावून केलेले रोप मात्र गुणधर्माने मूळ झाडच असते. कोकणातल्या वाचकाला हे वेगळे समजावण्याची गरज नाही. हापूसच्या कलमाला आपण नक्कल म्हणत नाही. वुयीतही जुन्या झुडपांपासून छाट घेऊन रोपे वाढवली गेली आणि २०१२ साली फूजियान प्रांताने दा होंग पाओला स्वतंत्र वाण म्हणून मान्यता दिली. कड्यावरची सहाही झुडपे एकाच वाणाची नाहीत, त्यामुळे ‘मूळ’ या शब्दातही एकाहून अधिक मुळे आहेत. एकाच वाणाचा दा होंग पाओ म्हणून जो विकला जातो, तो बहुधा त्यांतल्या छी दान या वाणाचा असतो.

दुसरा आणि प्रमाणाने कितीतरी मोठा प्रकार म्हणजे मिश्रण. वुयीतच पिकलेले रोउ ग्वेई आणि श्वेई श्येन हे वाण, शिवाय हाताशी असतील ते इतर, जाणकार कारागीर एकत्र करतो आणि त्या मिश्रणाला दा होंग पाओ म्हणतो. रोउ ग्वेई म्हणजे दालचिनीचाच एक प्रकार, आणि त्या वाणाच्या सुगंधात तो तिखटगोड धागा खरोखर सापडतो. श्वेई श्येनमुळे चहाला अंग येते, घोट दाट लागतो. अशा मिश्रणात लबाडी नाही, कारागिरी आहे. वुयीच्या चहाला चीनमध्ये भौगोलिक मानांकन आहे आणि त्याच्या राष्ट्रीय मानकात दा होंग पाओ हा रीतसर एक प्रकार म्हणून नोंदलेला आहे. लबाडी होते ती वेगळ्या ठिकाणी : वुयीबाहेरची पाने कडक भाजून वुयीच्या नावाने खपवली जातात, जशी परप्रांताची पेटी रत्नागिरीच्या नावाने खपते. म्हणून दुकानदाराला ‘हा त्या सहा झाडांचा आहे का?’ असे विचारू नये, कारण ‘हो’ म्हणणारा निश्चितपणे खोटे बोलत असतो. एक वाण आहे की मिश्रण, बाग खडकाळ दऱ्यांतली की नदीकाठच्या सपाटीची, भाजणी हलकी की कडक आणि कोणत्या वर्षीची, हे विचारावे.

आता पाण्याचे तापमान. ८० अंशांचा सल्ला कोवळ्या कळ्यांच्या हिरव्या चहासाठी ठीक आहे. वुयीचा चहा कळीचा नसतो. शेंड्याची कळी उमलून पाने पसरू लागल्यावर तीन-चार पानांसकट शेंडा खुडतात, पाने सुकत घालतात, मग बांबूच्या सुपांत पुन्हा पुन्हा हलवून त्यांच्या कडा ठेचू देतात. हवेने त्या कडा तांबूस होतात आणि मध्य हिरवट राहतो. चिनी लोक याला हिरव्या पानाची लाल किनार म्हणतात. ऊलाँगचे ऊलाँगपण यातच आहे. मग तापलेल्या कढईत पाने परतून ही क्रिया थांबवतात, वळतात, आणि शेवटी फुपाट्याखाली झाकलेल्या निखाऱ्यांवर बांबूच्या टोपल्यांत तासन्‌तास भाजतात. इतका विस्तव सोसलेल्या पानाला तुमच्या किटलीतले पाणी काय जाळणार? उलट कोमट पाण्यात त्याचा सुगंध बंदच राहतो. चीनमधले अधिकृत परीक्षकही ११० मिलीच्या झाकणाच्या वाटीत ५ ग्रॅम पाने घेऊन उकळते पाणीच ओततात, आणि तीच पाने अनुक्रमे २, ३ आणि ५ मिनिटे ठेवून तीनदा चाखतात.

घरी मात्र इतका वेळ ठेवू नये. परीक्षकाला दोष शोधायचे असतात, आपल्याला नाही. तितक्याच पानांवर खळखळते पाणी ओतावे, आठ-दहा सेकंदांत गाळून घ्यावे आणि पुढच्या प्रत्येक खेपेला थोडा वेळ वाढवावा. चांगली पाने सहा-सात खेपा सहज देतात. झाकणाची वाटी नसेल तर चिनी मातीचा लहान कप आणि वर बशी, एवढ्यावर काम भागते. दूध-साखर नको. बोअरचे जड पाणी असेल तर गाळलेले वापरावे, नाहीतर चहा मंद आणि मातकट लागतो.

पहिले पाणी ओतून देण्याची रीत आहे, पण ती भांडे तापवण्यासाठी आणि पाने सैल होण्यासाठी. काही सेकंदांत कॅफीनचा अगदी लहानसा भाग सुटतो. बहुतांश बाहेर यायला काही मिनिटे लागतात. झोपेची तक्रार असलेल्यांनी या चहाला दुपारनंतर हात लावू नये, पाने धुतल्याने सुटका नाही. उत्तम पानांचे पहिले पाणी मी स्वतः ओतून देत नाही.

ताजेपणाचे विधान तर इथे उलटेच लागू होते. वसंतात खुडलेल्या पानांची भाजणी उन्हाळा उलटेपर्यंत टप्प्याटप्प्याने चालते, आणि भट्टीतून नुकताच निघालेला चहा घशाला कोरडा व जळका लागतो; वुयीचे लोक त्यात ‘आग’ आहे असे म्हणतात. काही महिने हवाबंद डब्यात विसावल्यावर ती उतरते आणि मागची फुलाफळांची चव वर येते. त्यामुळे डब्यावर गेल्या वर्षीची तारीख दिसली म्हणून तो परत करण्याची घाई करू नये. आणि पहिलाच कप जळका लागला तर डबा घट्ट बंद करून दिवाळीनंतर उघडून पाहावा.