टर्बो आणि कार्बोरेटर एकत्र नांदत नाहीत म्हणे!

गाड्यांचं वेड असलेल्या मराठी मंडळींत एक मजकूर बराच फिरतो आहे. विषय अमेरिकेतला आहे. तिथे लोक घरच्या गॅरेजमध्ये फोर्डच्या जुन्या मस्टँगवर भंगारातला टर्बो (हवा दाबून इंजिनात भरणारा पंखा) आणि होली कंपनीचा कार्बोरेटर (हवेत पेट्रोल मिसळणारा भाग) बसवतात आणि गाडी ड्रॅग स्ट्रिपवर, म्हणजे 402 मीटरच्या सरळ शर्यतीच्या पट्टीवर नेतात. मजकुराचं म्हणणं थोडक्यात असं: कार्बोरेटर ओढीवर चालतो, दाब दिला की तो काम करूच शकत नाही. म्हणून कुठल्याच कंपनीने हे कधी केलं नाही. कॉम्प्युटर नसला की पिस्टन वितळणारच. भंगारातला टर्बो म्हणजे पैसे पाण्यात. आज फ्युएल इंजेक्शनच (कॉम्प्युटरच्या हुकमावर पेट्रोल फवारणारी पद्धत) स्वस्त पडतं. आणि घरी बांधलेली अशी गाडी म्हणजे चाकांवरचा बॉम्ब.

यातलं एक विधान बऱ्यापैकी बरोबर आहे, एक अर्धं बरोबर आहे आणि उरलेली चूक आहेत. उत्तर लिहायचं कारण एवढंच की, हातात पाना धरून शिकू पाहणाऱ्या पोरांना हा मजकूर चुकीच्या जागी बोट दाखवतो. अशा गाड्यांची इंजिनं फुटतात हे खरं आहे, पण कार्बोरेटर आहे म्हणून ती फुटत नाहीत.

कंपन्यांची गोष्ट आधी संपवतो, कारण ती सोपी आहे. 1962 साली ओल्ड्समोबिल जेटफायर आणि शेव्हर्ले कॉर्व्हेर मॉन्झा स्पायडर या दोन्ही टर्बो गाड्या बाजारात आल्या आणि दोन्हींवर कार्बोरेटर होता. जेटफायरच्या साडेतीन लिटरच्या व्ही-8 इंजिनातून 215 हॉर्सपॉवर निघत होती. पुढे 1980 ची लोटस एस्प्रिट टर्बो, 1981 ची मासेराटी बायटर्बो, 1985 ची रेनो 5 जीटी टर्बो. या तिन्हींत टर्बोची दाबलेली हवा कार्बोरेटरमधूनच इंजिनात जायची. कारखान्यातून वॉरंटीसह विकलेल्या गाड्या आहेत या. त्या कटकटीच्या होत्या, हे मान्य. जेटफायरला नॉकिंग (सिलिंडरमधलं मिश्रण आपोआप भडकणं) टाळण्यासाठी पाणी आणि मेथेनॉलच्या मिश्रणाची वेगळी टाकी होती आणि मालक ती भरायला विसरत. पण कटकटीचं असणं वेगळं आणि अशक्य असणं वेगळं.

आता मुख्य मुद्दा: 'ओढीवर चालतो, म्हणून दाब चालत नाही.' हे वाचायला पटतं, पण त्यातली 'ओढ' नीट समजून घेतली पाहिजे. बाहेर दाब किती आहे हे कार्बोरेटरला कळत नाही. त्याला कळतो फक्त फरक. फ्लोट बाउलमधल्या (कार्बोरेटरच्या छोट्या वाटीतल्या) पेट्रोलवर एक दाब असतो, व्हेंचुरीच्या (हवेच्या अरुंद केलेल्या वाटेच्या) गळ्यात हवा वेगाने जात असल्यामुळे तिथला दाब थोडा कमी असतो, आणि या फरकामुळे पेट्रोल जेटमधून, म्हणजे मोजक्या मापाच्या बारीक भोकातून वर चढतं. दोन्हीकडचा दाब सारखाच 10 पीएसआयने (पीएसआय हे दाबाचं एकक) वाढवला तर फरक तसाच राहतो आणि पेट्रोल येतच राहतं.

अट एकच: बाउलच्या व्हेंटलाही (हवेसाठी ठेवलेल्या तोंडालाही) तोच वाढलेला दाब मिळाला पाहिजे. तो मिळाला नाही, व्हेंट बाहेरच्या हवेला उघडा राहिला, तर गळ्यातला दाब बाउलपेक्षा जास्त होतो आणि पेट्रोल उलटं ढकललं जाऊन व्हेंटमधून तापलेल्या इंजिनावर सांडतं. मजकूर लिहिणाऱ्याने बहुधा असलंच काही पाहिलं असावं. होलीच्या चार बॅरलच्या कार्बोरेटरमध्ये व्हेंटच्या नळ्या एअर क्लीनरच्या कड्याच्या आतच उभ्या असतात. वरून टर्बोच्या पाइपची टोपी बसवली की त्या आपोआप दाबाखाली येतात. अमेरिकेत या कामाला तोच कार्बोरेटर लाडका आहे, त्यामागे हे एक मोठं कारण.

पण एवढ्याने काम होत नाही. पितळेचे पोकळ फ्लोट दाबाने चेपतात, म्हणून भरीव फोमचे, नायट्रोफिलचे फ्लोट घालावे लागतात. थ्रॉटलच्या दांड्याजवळून दाबाखालचं मिश्रण बाहेर झिरपतं, तिथे सील हवं. आणि एक गोष्ट अशी आहे जी आपल्याकडच्या जुन्या ड्रायव्हरांना दुसऱ्या बाजूने माहीत आहे: कार्बोरेटरची गाडी लेह-लडाखच्या उंचीवर नेली की मिक्श्चर रिच होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल जास्त होतं, आणि गाडी काळा धूर ओकायला लागते. हवा विरळ झाली तरी जेट मात्र पेट्रोल त्या प्रमाणात कमी करत नाही, म्हणून असं होतं. टर्बोखाली याच्या बरोब्बर उलट घडतं. हवा दाट होते आणि मिक्श्चर लीन होतं, म्हणजे पेट्रोल कमी पडतं. हिशेब घनतेच्या वर्गमुळाचा आहे. घनता दीडपट झाली तर मिक्श्चर वीस-बावीस टक्क्यांनी लीन होतं, म्हणजे 12.5 ला 1 वर (वजनाने 12.5 भाग हवेला एक भाग पेट्रोल) लावलेला कार्बोरेटर 15 च्या वर जातो. पूर्ण बूस्टला (टर्बोने वाढवलेल्या दाबाला) 15 म्हणजे पिस्टनचा निकाल. तिथे 11.5 च्या आसपास असायला हवं. म्हणून जेट मोठे करावे लागतात, पॉवर व्हॉल्व्हच्या (जोर लागताना जादा पेट्रोल देणाऱ्या झडपेच्या) मागची भोकं मोठी करावी लागतात आणि एक्झॉस्टमध्ये हवा-पेट्रोलचं प्रमाण मोजणारा वाइडबँड सेन्सर लावून खरा आकडा वाचावा लागतो. हा सेन्सर नसेल तर गाडी स्ट्रिपवर नेऊ नका. बाकी कुठेही काटकसर करा, इथे करू नका.

'कॉम्प्युटर नाही म्हणून पिस्टन वितळतो' हा दावा इथेच येतो. पिस्टन वितळायची कारणं तीन: पेट्रोल कमी पडणं, हवा तापणं आणि स्पार्क लवकर पडणं. तिन्ही गोष्टी कॉम्प्युटर असलेल्या गाडीतही घडतात आणि नसलेल्या गाडीतही टाळता येतात.

पेट्रोलचं पाहू. माझ्या मते स्वस्तातल्या गाड्या सर्वांत जास्त इथेच मरतात. साध्या मेकॅनिकल पंपाचा दाब सहा-सात पीएसआय असतो. बाउलमध्येच 10 पीएसआय बूस्ट बसला असेल तर हा पंप पेट्रोल आत ढकलणार कसा? पंपाने बूस्ट अधिक सहा, म्हणजे 16 पीएसआय द्यायला हवेत, आणि तेही भरपूर पेट्रोल वाहत असताना. 500 हॉर्सपॉवरच्या टर्बो इंजिनाला पूर्ण जोरावर तासाला साधारण 180 लिटरच्या हिशेबाने पेट्रोल लागतं. त्यामुळे मोठा इलेक्ट्रिक पंप, टाकीकडे परतीची नळी आणि बूस्टबरोबर दाब वाढवणारा रेग्युलेटर हे तिन्ही लागतात. ते नसले तर घडतं ते असं: गाडी सुटताना बाउल भरलेले असतात, म्हणून सुरुवात झकास होते. 300 मीटरवर बाउल रिकामे व्हायला लागतात, मिक्श्चर लीन होतं, आणि पिस्टनला भोक पडतं ते शेवटच्या शंभर मीटरमध्ये. बघणारे म्हणतात, 'पाहा, कार्बोरेटरने घात केला.' घात पंपाने केलेला असतो.

हवेच्या तापण्याचं गणित कागदावर करून पाहावं. 27 अंशांची हवा 10 पीएसआयने दाबली, टर्बोचा हवा दाबणारा भाग, म्हणजे कॉम्प्रेसर, 70 टक्के कार्यक्षम धरला, तर ती 95 अंशांच्या आसपास जाते. दाब 68 टक्के वाढला तरी हवा वस्तुमानाने जेमतेम 37 टक्के जास्त मिळते. मध्ये बऱ्यापैकी इंटरकूलर (दाबलेली हवा थंड करणारा रेडिएटर) घातला तर तीच वाढ 55 टक्क्यांच्या घरात जाते आणि नॉकिंगचा धोकाही उतरतो. त्यामुळे भंगारातला का होईना, इंटरकूलर लावाच. कार्बोरेटरचा इथे एक फायदाही आहे: पेट्रोल मॅनिफोल्डच्या (सिलिंडरांकडे जाणाऱ्या नळ्यांच्या) आधीच हवेत मिसळतं आणि वाफ होताना हवेतली उष्णता शोषतं. ई85 (बहुतांश इथेनॉल असलेलं इंधन) वापरलं तर हा गारवा आणखी वाढतो, फक्त इंधन तीस टक्के जास्त लागतं आणि सगळे जेट नव्याने लावावे लागतात. एक इशारा: जिथे कार्बोरेटर टर्बोच्या आधी असतो, त्या जुन्या पद्धतीत इंटरकूलर लावू नये. त्यात पेट्रोल साचतं आणि एका बॅकफायरमध्ये (इंजिनातली ज्वाला उलटी मागे आली की) सगळं पेटतं.

टायमिंगसाठीही कॉम्प्युटरच हवा असं नाही. बूस्टच्या प्रत्येक पीएसआयमागे साधारण एक अंश स्पार्क मागे घ्यायचा, म्हणजे उशिरा पाडायचा, हा जुना ठोकताळा आहे, आणि ते काम करणारे इग्निशन बॉक्स अमेरिकेत कित्येक वर्षं मिळतात. प्लग एक पायरी थंड, गॅप 0.7 मिलिमीटरच्या आसपास. कॉम्प्रेशन रेशो 9 ला 1 च्या खाली असलेला बरा. मुळात ड्रॅग कारचं काम किती मर्यादित आहे हे पाहा. 402 मीटर, थ्रॉटल पूर्ण उघडा, दहा-बारा सेकंद. थंडीत सकाळी सुरू होणं, ट्रॅफिकमध्ये रांगणं, मायलेज, प्रदूषण यांतलं काहीच तिला करायचं नसतं. कॉम्प्युटरची खरी करामत नेमकी याच गोष्टींत असते. एकाच अवस्थेत नीट चालायचं असेल तर चांगला लावलेला कार्बोरेटर पुरतो, आणि त्याला काय झालंय हे स्क्रूड्रायव्हर घेऊन बघता येतं. शिकणाऱ्याच्या दृष्टीने मला हीच त्याची सर्वांत मोठी किंमत वाटते.

भंगारातल्या टर्बोचा मुद्दा अर्धा बरोबर आहे. डॉज रॅमच्या 5.9 लिटरच्या कमिन्स डिझेल इंजिनावरचा होल्सेट एचएक्स35 अमेरिकेतल्या भंगार यार्डांत वर्षानुवर्षं मिळत आला आहे आणि तो 450 ते 500 हॉर्सपॉवरचं इंजिन पेलतो. घेताना शाफ्ट आत-बाहेर ढकलून पाहायचा. त्या दिशेने खेळ जाणवला तर टर्बो सोडून द्यायचा. आडवा किंचित हलणं चालतं, पण पाती घराला घासलेली नसावीत. मात्र टर्बो स्वस्त मिळाला म्हणून गाडी स्वस्त होत नाही. वेस्टगेट (बूस्ट आवरणारी झडप), पाइप, पंप, ऑटोमॅटिक गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर, टायर यांत टर्बोच्या कितीतरी पट पैसे जातात. तेलाची परतीची नळी जाड आणि सरळ खाली उतरणारी हवी, नाहीतर धडधाकट टर्बोही धूर सोडतो आणि विकणाऱ्याला फुकट शिव्या बसतात. इंजिनाचीही मर्यादा असते: जुन्या 5.0 मस्टँगचा मूळ ब्लॉक 500 हॉर्सपॉवरच्या आसपास मधोमध चिरतो. मग 400 वर थांबायचं.

इंजेक्शन स्वस्त पडतं, हे विधान बऱ्यापैकी बरोबर आहे. 1999 नंतरच्या शेव्हर्ले ट्रकचं 4.8 किंवा 5.3 लिटरचं इंजिन वायरिंग आणि कॉम्प्युटरसकट मिळत असेल, तर ते काढून कार्बोरेटर लावण्यात शहाणपण नाही. त्या इंजिनाच्या पिस्टन रिंगांची गॅप तेवढी वाढवून घ्या, कारण मूळ गॅपमध्ये बूस्टच्या उष्णतेने रिंगांची टोकं एकमेकांना भिडतात आणि पिस्टनची कड तुटते. पण ज्याच्याकडे आधीच कार्बोरेटरची गाडी, चालू होली आणि जेटचा डबा आहे, त्याला इंजेक्शनसाठी नवी टाकी, पंप, वायरिंग, सेन्सर सगळंच घ्यावं लागतं. त्याचा हिशेब वेगळा येतो. 'नेहमी स्वस्त' म्हणणं म्हणूनच चूक.

राहिला बॉम्ब. आग लागू शकते, आणि ती बहुतेक वेळा तापलेल्या टर्बाइनवर सांडलेल्या तेलामुळे किंवा पेट्रोलमुळे लागते. म्हणून पेट्रोलची नळी टर्बोच्या बाजूने न्यायची नाही, तेलाच्या नळीला उष्णतेचं वेष्टण द्यायचं आणि अग्निशामक हाताशी ठेवायचा. पण 'घरी बांधलेली म्हणून धोकादायक' हे मला अजिबात मान्य नाही. अमेरिकेतला हा खेळच घरच्या गॅरेजांतून उभा राहिला. वॉली पार्क्स यांनी 1951 साली एनएचआरए ही ड्रॅग शर्यतींची संघटना स्थापन केली ती रस्त्यावरच्या शर्यती नियमांखाली आणण्यासाठी. गाडी कोणी बांधली याला तिथे महत्त्व नाही, ती किती वेगाने जाते त्यावर नियम ठरतात. 11.49 सेकंद किंवा त्याहून कमी वेळ आला तर, काही नव्या मॉडेलांचा अपवाद सोडून, रोल बार (गाडी उलटली तर चालकाला वाचवणारी लोखंडी कमान) लागतो. 9.99 च्या आत गेलात तर अशा जुन्या गाडीला पूर्ण रोल केज (तसाच पिंजरा) आणि चालकाला परवाना. बॅटरी मागे डिकीत हलवली असेल तर बाहेरून बंद करता येणारा कट-ऑफ स्विच हवाच. ड्रायव्हरसकट 1,450 किलोची मस्टँग 400 हॉर्सपॉवरवर अंदाजे 11.6 सेकंद घेते, 500 वर 10.8. म्हणजे शंभर हॉर्सपॉवर वाढवण्याआधी रोल बारचे पैसे बाजूला काढायचे.

महाराष्ट्रात हे वाचणाऱ्यांसाठी एक गोष्ट वेगळी आहे. नंबर प्लेट असलेल्या जुन्या मारुतीवर हा प्रयोग करून हायवेवर उतरू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार कंपनीच्या मूळ तपशिलात असा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये हेच स्पष्ट केलं आहे. आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅग शर्यती झाल्या आहेत. गाडी अशा बंद पट्टीसाठी बांधा, ट्रेलरवरून तिथे न्या, आणि पहिली फेरी पाच पीएसआयवर, वाइडबँडच्या आकड्यावर नजर ठेवून मारा.